आधी ढेप्याचं पान

माझी कावीळ कुत्र्याच्या जेवणावर बरी झाली, हे मी लग्न ठरतानाच बायकोला सांगून टाकलं होतं. पुढं कुणाकडून तरी कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. आधी तिला वाटलं मी थट्टा करतोय. थट्टा नाही हे लक्षात आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, की मग त्या कुत्र्यानं खाऊ दिलं तुम्हाला? तेव्हाच मी म्हटलं, हिच्याशी आपलं जमणार. कारण त्यानं खरोखरच खाऊ दिलं होतं, आणि तसं करायची त्याला काही गरज नव्हती.

ते जेवण ज्या रांधायच्या त्यांना आख्खी गल्ली आत्या म्हणायची. त्या माझ्या घरमालकीण. पाथर्डी फाट्याच्या आतल्या अंगाला त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या आणि त्यांचा कुत्रा ढेप्या, वर मी. मी अंबडला एका कारखान्यात तयार पार्ट तपासायच्या कामाला होतो. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. दारातच विचारलं, "कांदा खातो का?"

आता सटाण्याच्या माणसाला हा काय प्रश्न झाला! आमच्याकडं साठवणीच्या चाळीत कांदा, अंगणात कांदा, भाकरीबरोबर बुक्कीनं फोडलेला कांदा. मी अभिमानानं हो म्हणालो. त्यावर त्यांनी सांगितलं, की या घरात कांदा येणार नाय, लसूण येणार नाय, द्राक्षं, मनुका, चॉकलेट यातलं काहीही येणार नाय; बाहेर काय खायचं ते खा, हात धुवून जिना चढ. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे मला वाटलं घर सोवळ्याचं दिसतंय. गल्लीतल्या निम्म्या लोकांचाही तोच समज होता. माळेचा त्यात काडीचा संबंध नव्हता. कांदा आणि द्राक्षं कुत्र्याच्या पोटात गेली तर त्याला ती बाधतात, जिवावर बेततात, असं जनावरांच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं. आत्यांनी त्याच दिवशी घरातला कांदा गल्लीत वाटून टाकला. म्हणजे बघा, आमचा आख्खा जिल्हा ज्या दोन पिकांवर जगतो, नेमकी तीच दोन पिकं त्या घराला वर्ज्य.

आईला फोनवर हे सांगितलं तर तिनं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "कांदा नही? मंग ते काय घर शे?" आणि पुढच्या खेपेला तिनं मुद्दाम गोणी बांधून दिली. ती गोणी मी शेजाऱ्यांच्या पडवीत ठेवली. लोक चोरून प्यायला जातात तसा मी चोरून कांदा खायला शेजारी जायचो, आणि परत येताना त्यांच्याच नळावर साबण लावून हात धुवायचो.

द्राक्षांचं तर विचारूच नका. माझा एक मावसभाऊ पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये होता. हंगामात तो कौतुकानं पेटी घेऊन आला. आत्यांनी त्याला फाटकातच थांबवला. खुर्ची आणून दिली, पाणी दिलं, चहा दिला, फाट्यावरून मागवून पोहे सुद्धा दिले, सगळं फाटकाबाहेर. पेटी मात्र गाडीवरून खाली उतरू दिली नाही. तो बिचारा रस्त्यावर खुर्ची टाकून पाहुणचार घेत बसला आणि रागारागानं स्वतःच एक घड खाऊन गेला. त्याची गाडी वळली न वळली तोच आत्या खराटा घेऊन आल्या आणि फाटकापासून गटारापर्यंतचा रस्ता त्यांनी झाडून, पाणी मारून काढला. द्राक्षाचा एखादा मणी घरंगळला असला तर? अजूनही तो भाऊ भेटला की विचारतो, तुझी ती फाटकवाली काय म्हणते.

ढेप्या काही उंची जातीचा वगैरे नव्हता. आत्यांच्या दिरांच्या टेम्पोत, कोबीच्या क्रेटमागं लपून, पिल्लू असताना आला होता. गल्लीनं त्याला लळा लावला तो बिस्किटांचा. जो येईल तो बिस्किट टाकणार. त्यामुळं त्याच्या अंगावरचे केस गेले, कातडी लाल झाली, खाजवून खाजवून कान फाटले. डॉक्टरांनी पुड्यातलं तयार खाणं सांगितलं. ते यानं हुंगून सोडून दिलं. मग डॉक्टरांकडून साधं, बिनतेल-मसाल्याचं खाणं लिहून घेऊन आत्यांनी शिजवायला घेतलं. दोन-तीन महिन्यांत अंगावर नवे केस आले तेव्हा पहिल्यांदा कळलं, की याचा रंग गुळाच्या ढेपेसारखा आहे. तोवर त्याला नावच नव्हतं. आत्यांचं म्हणणं असं, की आधी जगतो का बघावं, मग नाव ठेवावं.

त्यांचा स्वयंपाक बघणं हा एक कार्यक्रम असायचा. सकाळी लाल भोपळा, दुधी, गाजर, फरसबी, जे मळ्यातून आलं असेल ते, सगळं एकसारखं बारीक चिरायचं. मुगाची डाळ आणि तांदूळ तीन-चार पाण्यांतून धुवायचे. कधी तांदळाऐवजी नाचणी. हळद चिमटीभर. मीठ नाही, तेल नाही, तिखट नाही. सगळं एकाच पातेल्यात मऊ शिजलं की आधी ढेप्याचा वाटा निघायचा. घरोघर नैवेद्य काढतात तसा, कुणी चव बघायच्या आत. मग त्यावर कधी उकडलेलं अंडं कुस्करून, कधी कोंबडी. उरलेल्यात मीठ आणि जिऱ्याची फोडणी पडायची, ते आत्यांचं. म्हणजे त्या घरात कुत्रा माणसांचं उरलेलं खात नव्हता, बाई कुत्र्याचं उरलेलं खायच्या, आणि त्यांना त्यात काहीही वावगं वाटायचं नाही.

शिजलेलं परातीत पसरून पंख्याखाली ठेवायचं. आतमध्ये बोट घालून बघायचं, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. मी कधी घाईत असलो आणि खाली काही मागायला गेलो की म्हणायच्या, "घाई असंल तर उपाशी ऱ्हावं. अर्धवट खाऊ नये." हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. पेपरवाल्याला, गॅसवाल्याला, मला, सगळ्यांना ते ऐकावं लागायचं. गॅसवाल्याला एकदा त्यांनी गाडीवरच अर्धी पोळी खाताना पकडलं होतं, तेव्हापासून तो सिलिंडर टाकून पळायचा.

कोंबडी हा त्या घरातला नाजूक विषय. आत्या स्वतः माळकरी. कोंबडी शिजायची ती मागच्या अंगणात, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात, आणि शिजवताना आत्या माळ पदराखाली झाकून घ्यायच्या. देवाला कळत नाही का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, कळतंय, पण त्याच्या डोळ्यासमोर नको. दुकानातून आणायलाही स्वतःच जायच्या, तोंडाला पदर लावून, आणि दुकानदाराला बजावायच्या, की हाड एकही राहू देऊ नको, घरात म्हातारं माणूस आहे. दुकानदार भला. काही महिन्यांनी त्यानं अदबीनं चौकशी केली, की आता बाबांची तब्येत कशी आहे. आत्या न हसता म्हणाल्या, दोन दात पडलेत, पण जेवण चांगलं आहे.

माणसांसाठी स्वयंपाक करणं त्यांनी सोडलं होतं. हे त्या सगळ्यांना तोंडावर सांगायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरचा मळा होता, भाजीपाला आणि झेंडू-शेवंती. घरची वीसेक माणसं आणि तोडणीला येणाऱ्या बाया वेगळ्या. पहाटे बाजाराला टेम्पो जायचा, त्याच्या आधी चुली पेटायच्या. पुढं जमीन वाटली गेली, वाट्याला हा प्लॉट आला, घर झालं, नवरा गेला, मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला. नवऱ्याचं वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांनी मोठी पातेली, कढया, परातींचा ढीग गावातल्या देवळाला देऊन टाकला आणि जाहीर केलं, की माझा माणसांचा स्वयंपाक झाला. कुणी जेवायला आलंच तर त्याला फाट्यावरच्या खानावळीचा पत्ता मिळायचा. लोक मागं बोलायचे, की मुलाला घालायला हिला जड जातं आणि कुत्र्याला भोपळा चिरत बसते. आत्यांच्या कानावर ते यायचं. त्या भोपळा चिरत बसायच्या.

मुलगा मात्र वाईट नव्हता हो. रोज फोन करायचा. फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे मला जिन्यात सगळं ऐकू यायचं. त्याचं एकच म्हणणं होतं, की आई, तू पुण्याला ये. त्याचा फ्लॅट बराच वरच्या मजल्यावर, आणि त्याच्या मुलीला दम्याचा त्रास, त्यामुळे कुत्रं नेणं शक्य नाही. ढेप्याला काकांच्या मळ्यावर ठेवू, मोकळा राहील, असं तो म्हणायचा. आत्यांना मळा ठाऊक होता. तिथं कुत्र्याला साखळी असते आणि कांद्याच्या रश्श्यात भिजवलेली भाकर असते. महिनाभरात मरंल तो तिथं, एवढंच त्या म्हणायच्या. शेवटी मायलेकांत एक तह झाला होता. तुझे हातपाय चालताहेत तोवर तू म्हणशील तसं, असं मुलगा म्हणाला होता. ज्या दिवशी तुझं तुला जमेनासं होईल त्या दिवशी मी ऐकणार नाही. त्यामुळे आत्या कंबर धरून चालायच्या, पण फोनवर कधी दुखतंय म्हणून सांगायच्या नाहीत. त्यांच्या हातापायांवर ढेप्याचा जीव टांगलेला होता आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि मला कावीळ झाली ती याच सुमारास. तर्रीदार मिसळ, टपरीवरचा वडापाव, कुठलंही पाणी, दुसरं काय होणार! डॉक्टरांनी तेल-मसाला बंद केला, साधं मऊ शिजवलेलं खा म्हणाले. गावी आई-वडील कांदाकाढणीत गळ्यापर्यंत बुडालेले, आणि माझ्यात तर बस स्टँडपर्यंत जायचंही त्राण नव्हतं. जिन्यात बसून होतो. आत्यांनी माझे डोळे बघितले, हातातला कागद घेतला, वाचला आणि परत दिला. तुझ्या डॉक्टरनं जे लिहिलंय तेच ढेप्याच्या डॉक्टरनं लिहिलंय, म्हणाल्या. मी चाचरत म्हणालो, पण तुम्ही तर माणसांसाठी करत नाही.

"तुझ्यासाठी नाय करत," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठीच करते. तू बाजूला बस."

आणि मी महिनाभर त्याच्या बाजूला बसलो. खालच्या स्वयंपाकघरात तीन पानं मांडली जायची: ढेप्याची परात, आत्यांचं ताट, माझं ताट. पहिलं पान ढेप्याचं. एकदा मी चुकून आधी माझं ताट पुढं केलं तर आत्या म्हणाल्या, हे घर त्याचं आहे, तू भाड्यानं राहतो. तिघांचं वाढून झालं की आत्या मांडी घालायच्या आणि "हं" म्हणायच्या. तो "हं" निघून त्यांचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत ढेप्या परातीला तोंड लावायचा नाही. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. मग तिघंही जेवायचो, गुपचूप. पहिले दोन दिवस तो अळणी भोपळा माझ्या घशाखाली उतरेना. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून भूक लागायला लागली. डोळे पांढरे झाले, अंगात रग आली. कारखान्यात परत गेलो तेव्हा साहेबांनी विचारलं, काय औषध घेतलंस? मी म्हणालो, कुत्र्याच्या पंगतीला बसत होतो. त्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झालाय.

मी त्या बाईंचा आभारी आहे, आणि हे मला आडवळणानं सांगायचं नाही. घरापासून दूर, पिवळ्या डोळ्यांनी जिन्यात बसलेल्या भाडेकरूला ताट वाढायला त्या काही बांधील नव्हत्या. नंतर मी त्यांना साडी घेऊन गेलो. ती त्यांनी ठेवून घेतली नाही. भोपळा आण, म्हणाल्या, आतून भगवा बघून आण.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या मागच्या अंगणात पडल्या. कोंबडीचं पातेलं धुतलेलं पाणी फरशीवर सांडलं होतं, त्यावरूनच पाय गेला. उजवं मनगट मोडलं. मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, कोपरापर्यंत प्लास्टर झालं, आणि मुलाला फोन मीच केला. त्या मला डोळ्यांनी खुणावत होत्या, सांगू नको म्हणून. पण असं लपवून कसं चालेल? दुसऱ्या दिवशी मुलगा आला. आईच्या हाताकडं बघून त्याचा चेहरा एवढासा झाला. ओरडला नाही, भांडला नाही. डॉक्टरांना भेटला, औषधं आणून दिली आणि जाताना म्हणाला, "आई, आपलं ठरलंय ना? रविवारी गाडी घेऊन येतो. ढेप्याचं काकांशी बोललोय." आत्यांनी मान वळवली आणि भिंतीकडं बघत बसल्या.

तो गेल्यावर मी सहज म्हणालो, मी शिजवतो की! सहज म्हणालो खरं, पण मला तोवर चहासुद्धा धड येत नव्हता. आत्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. मग स्टुलावर बसल्या आणि डाव्या हाताच्या बोटानं दाखवायला लागल्या, हा चाकू, ही विळी, हा भोपळा. भोपळ्याला घाबरू नको, म्हणाल्या, तो काय चावतो का. बेत असा, की रविवारी मुलगा येईल तेव्हा घर ठाकठीक चाललेलं दिसलं पाहिजे, कुत्रा टुणटुणीत दिसला पाहिजे, म्हणजे प्लास्टर निघेपर्यंत तरी पुण्याचा विषय टळेल. मी कारखान्यात दुसरी पाळी मागून घेतली.

पहिल्या दिवशी ढेप्या आला, त्यानं परात हुंगली आणि तो आत्यांच्या पायाशी जाऊन आडवा झाला. भोपळा कच्चा राहिला असेल, आत्या म्हणाल्या. दुपारी कामावर जायच्या आधी पुन्हा जास्त शिजवला. नाही खाल्लं. हळद जास्त पडली असेल. दुसऱ्या दिवशी हळद कमी केली. गार जास्त झालं असेल, गरम जास्त झालं असेल, तुझ्या हाताला मशीनच्या तेलाचा वास येत असेल. मी हात राखेनं घासले. कोंबडी आणली, दुकानदारानं बाबांची चौकशी केली, मी म्हणालो जेवण तुटलंय, त्यानं हळहळून थोडी जास्तच घातली. तीही परातीत तशीच राहिली. नुसतं पाणी प्यायचा आणि आत्यांच्या पायाशी पडून राहायचा. म्हातारा कुत्रा, तीन दिवसांत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. जनावरांचे डॉक्टर घरी येऊन बघून गेले, ताप नाही, पोट मऊ आहे, काही सापडत नाही म्हणाले. माझ्या चुका काढणंसुद्धा आत्यांनी थांबवलं, आणि ते मला सगळ्यात वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी मी परात त्याच्यापुढं ठेवली. आत्या खाटेवरून सवयीनं "हं" म्हणाल्या. ढेप्यानं परातीकडं बघितलंच नाही. तो आत्यांकडं बघत होता. बघत राहिला, बघत राहिला, आणि मग हनुवटी जमिनीवर टेकवून डोळे मिटून घेतले. मी पण आत्यांकडं बघितलं. तेव्हा दिसलं, की त्यांचं तोंड केवढं उतरलंय. कोपऱ्यात शेजारणीनं पाठवलेला डबा तसाच होता. खिडकीत बिस्किटांचा पुडा आणि चहाचे कप.

मी विचारलं, आत्या, तुम्ही काय जेवताय?

जेवते की, म्हणाल्या. काय जेवता, मी पुन्हा विचारलं. त्यावर त्या चिडल्या. उजवा हात मोडलाय, डाव्या हातानं अन्नाला शिवायचं असतं का? चमच्यानं खा म्हणालो, तर म्हणे चमच्यानं औषध घेतात. चार दिवस बाई चहात बिस्किट बुडवून राहिली होती. मी मुकाट्यानं पातेल्यातलं वाढून घेतलं, मीठ घातलं, कालवलं आणि खाटेशी खाली बसलो. घास पुढं केला. त्यांनी तोंड फिरवलं.

"मला कुणी भरवलेलं नाय," त्या म्हणाल्या. "लग्नात पंगतीला घास दिला तेवढाच. आता म्हातारपणी भाडेकरूच्या हातनं जेवू का?"

"तो तुमच्यासाठी थांबलाय, आत्या," मी म्हणालो. "तुम्ही खाल्ल्याशिवाय तो खाणार नाही. चार दिवस आपण भोपळ्याला नावं ठेवतोय."

त्यांनी ढेप्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोळे गच्च मिटून, कडू औषध घ्यावं तसं तोंड उघडलं. मी घास घातला. त्या चावू लागल्या आणि खाली परात वाजली. ढेप्या उभा राहिला होता, शेपूट हलवत नव्हता, काही नाही, नुसता मान खाली घालून खात होता, भोपळ्याचा कण न् कण. आत्या रडत होत्या आणि खात होत्या. मीही रडत होतो, खोटं कशाला बोलू. दुसरा घास त्यांनी स्वतःहून घेतला.

रविवारी दुपारी मुलगा आला तेव्हा आमचं जेवणच चाललं होतं. आत्या पाटावर, मी समोर, ढेप्या परातीशी. गाडीचा आवाज आम्हाला ऐकू आला, पण घास अर्ध्यात कसा सोडायचा? तो दारात येऊन उभा राहिला. परक्या माणसाच्या हातनं आपली आई जेवतेय, हे त्यानं बघितलं. त्याच्या हातात गाडीची किल्ली होती. ती त्यानं खिशात टाकली, मोरीत जाऊन हात धुतले, आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "द्या इकडं."

मी ताट दिलं आणि सरकून बसलो. त्यानं घास केला, तो एवढा मोठा की आत्यांच्या तोंडात मावेना. दुसरा फारच लहान झाला. त्याला आईचा घास केवढा असतो हे माहीत नव्हतं. माहीत कुठून असणार, त्यानं तिला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. सगळे उठल्यावर ती स्वयंपाकघरात एकटी जेवायची. तिसऱ्या घासाला त्याला अंदाज आला. परात रिकामी करून ढेप्या त्याच्याजवळ आला, त्याच्या गुडघ्याला नाक लावून गेला. मुलगा ताटाकडं बघत होता. भात, डाळ, भोपळा. मग त्यानं विचारलं, "आई, तुला काय आवडतं गं?"

आत्यांना पटकन कळलंच नाही. खायला, तो म्हणाला. तुझ्या आवडीचं काय?

आत्या विचार करायला लागल्या. मला वाटलं लगेच सांगतील. नाही सांगता आलं. दिराला काय आवडायचं, सासऱ्यांना काय आवडायचं, नवऱ्याला कशाची भाजी चालायची नाही, हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. शेवटी म्हणाल्या, "तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतं रे. आता आठवावं लागंल." मुलानं पुढचा घास केला. उरलेलं सगळं जेवण त्यानं भरवलं, पाणी पाजलं, तोंड पुसलं.

पुण्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही. संध्याकाळी निघताना त्यानं माझा नंबर घेतला, काकांना फोन करून ढेप्याचं रद्द केलं आणि दर शनिवारी रात्री येऊन रविवारी जातो म्हणाला. प्लास्टर निघेपर्यंत तो खरोखरच आला, निघाल्यावरही आला, आणि येताना फाट्यावर जेवून येणं त्यानं बंद केलं. ढेप्या पुढं बरीच वर्षं जगला आणि एका दुपारी परात चाटून झाल्यावर झोपला तो उठलाच नाही. त्यानंतर आत्या पुण्याला गेल्या, पण त्या स्वतःच्या मनानं. मी आता अंबडजवळच फ्लॅट घेतलाय. घरातला निम्मा स्वयंपाक मी करतो, आणि बायकोच्या पानात वाढायच्या आधी तिला काय हवं ते विचारतो. या दोन्ही गोष्टी मी त्या घरात शिकलो, आणि त्यासाठी त्यांचे पाय धरले तरी कमीच आहे.

पण मला खरं सांगायचंय ते त्या रविवारनंतरच्या सोमवारचं. सकाळी मी दात घासत होतो तेवढ्यात जिन्याखालून हाक आली. वाकून बघितलं तर आत्या प्लास्टरचा हात छातीशी धरून पहिल्या पायरीवर उभ्या. चेहरा असा, की जणू हरवलेली वस्तू घरातच सापडली.

"आठवलं," त्या म्हणाल्या. "पातोड्यांची आमटी. माझी आई करायची. लग्नाआधी."

मला कुठं येत होती! आईला फोन लावला. आई कांदे निवडत होती, ते सोडून तिनं फोनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, कांदा-लसूण वगळून, बेसन किती, खोबरं किती भाजायचं, पातोड्या वड्यांसारख्या कशा कापायच्या. मी केली. आधी ढेप्याचं पान वाढलं, मग आमटी. पातोड्या निम्म्या फुटून रश्श्यात विरघळल्या होत्या आणि तिखट जरा जास्तच झालं होतं. मी वाटीतलं भातावर कालवून एकेक घास भरवत गेलो. आत्या डोळे मिटून जेवत होत्या. ताट संपलं तसा मी उठायला लागलो, तेव्हा त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला, आणि जरा लाजून, मला म्हणाल्या, "अजून थोडी वाढ."